माहितीपत्रकात नसलेला आकडा

स्पोर्ट्‌स कारचे माहितीपत्रक उघडले की पहिल्याच पानावर एक आकडा ठळक छापलेला दिसतो : उभी गाडी ताशी १०० किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गाठते. त्याच्या खाली एंजिनाची अश्वशक्ती, कमाल वेग, टायरांची रुंदी हे सारे ओळीने दिलेले असते. एक आकडा मात्र तेथे सहसा सापडत नाही. उन्हाळ्यात ही गाडी भर दुपारी तासभर उघड्यावर उभी करून ठेवली, तर आतली हवा, आसन आणि स्टिअरिंगचे चाक यांचे तापमान किती होते? हा प्रश्न विचारला तर विक्रेता हसून म्हणेल, "एसी आहे ना!"

हे उत्तर मला पटत नाही. गाडीचा आराखडा करताना उष्णतेला आत यायला मोकळी वाट करून द्यायची आणि मग आत आलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी एंजिनाला जुंपायचे, ही होडीचे भोक न बुजवता पाणी उपसत बसण्याची रीत झाली. म्हणून प्रत्येक मोटारीचा 'उन्हातला आकडा' ठरावीक पद्धतीने मोजून वेगाच्या आकड्याशेजारी छापला पाहिजे, असे माझे मत आहे. ते का, हे समजायला शाळेत शिकलेले उष्णतेचे प्रकरण पुरेसे आहे.

उदाहरणादाखल अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेट या प्रसिद्ध गाडीची तिसरी पिढी घेऊ. ती १९६८ ते १९८२ या काळात बनत होती आणि हौशी लोक तिला आजही जपून चालवतात. ठेंगणी, दोन माणसांपुरती, लांब नाकाची ही गाडी दिसायला देखणी आहे, यात शंका नाही. पण अॅरिझोनासारख्या उष्ण राज्यात उन्हाळ्यात ती चालवणे ही एक परीक्षाच असते. वरून ऊन, समोरून एंजिन आणि खालून सायलेन्सरची नळी अशा तीन बाजूंनी उष्णता आत शिरते. साध्या गाडीत हे दोष थोडेथोडे असतात. स्पोर्ट्‌स कारमध्ये ते सगळे एका ठिकाणी गोळा झालेले दिसतात. अभ्यासाला ती सोयीची आहे ती याच कारणाने.

प्रथम वरच्या वाटेचा विचार करू. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून स्पोर्ट्‌स कारची पुढची काच फार तिरपी बसविलेली असते. ती आडव्या पातळीशी ३० अंशांचा कोन करते आणि तिचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर आहे असे समजा. सूर्य डोक्यावर आहे. स्वच्छ आकाश असता दुपारच्या उन्हातून दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा येते. तिरप्या काचेवर त्यातली १००० गुणिले कोज्या ३०, म्हणजे सुमारे ८६६ वॅट पडेल. आता जुन्या जीपगाडीची जवळजवळ उभी काच घ्या. तिचा कोन ८० अंश धरला तर कोज्या ८० म्हणजे ०.१७, पडणारी ऊर्जा अवघी १७० वॅट, आणि इतक्या तिरक्या किरणांतला मोठा भाग काचेवरून परावर्तित होऊन जाणार, तो वेगळाच. तिरप्या काचेतून मात्र पाऊण हिस्सा ऊर्जा आत येते असे धरले, तरी ती ६५० वॅट होते. घरातली इस्त्री साधारण एवढीच वीज खाते. काच कलती केल्याने गाडीचा वेग वाढला, तशी ही इस्त्रीही आत आली.

कॉर्व्हेटच्या आराखड्यात १९७८ साली एक बदल झाला. तोवर पाठीमागे लहानशी उभी काच होती. तिच्या जागी मागे उतरत गेलेली प्रशस्त काच बसविण्यात आली. सामानाची जागा वाढली, मागचे दिसू लागले, गाडीचे रूपही खुलले. पण ही काच उघडता येत नव्हती. उघडणारी काच आली ती १९८२ च्या एका खास आवृत्तीत. म्हणजे मधली चार वर्षे उष्णतेला आत यायला दुसरे मोठे दार होते आणि बाहेर पडायला नव्हते.

आत आलेली ही ऊर्जा जाते कोठे? ती हवा तापविते असे उत्तर बहुतेक जण देतील. थोडा हिशेब केला तर ते अपुरे ठरते. दोन आसनांच्या गाडीत सुमारे दीड घनमीटर हवा असते. तिचे वस्तुमान १.७ किलोग्रॅमच्या आसपास भरेल. ही सगळी हवा २० अंशांनी तापवायला सुमारे ३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेने लिटरभर पाणी जेमतेम ८ अंशांनी तापेल. आपली ६५० वॅटची इस्त्री हे काम मिनिटाभराच्या आत उरकील. प्रत्यक्षात गाडी तापायला बराच अधिक वेळ लागतो, कारण ऊन हवेला तापवीतच नाही. ते हवेतून आरपार जाऊन डॅशबोर्ड, आसने, गालिचा यांच्यावर पडते. या वस्तूंचे वस्तुमान मिळून ५० किलोग्रॅम धरले, तर त्यांना एका अंशाने तापवायला हवेच्या सुमारे ४० पट उष्णता लागते. तापलेल्या या वस्तू मग हवेला तापवितात.

यातून एक उपयुक्त गोष्ट निघते. तापलेल्या गाडीची दोन्ही दारे मिनिटभर उघडी ठेवली तर आतली गरम हवा निघून जाते. पण दारे लावली की ती पुन्हा तापते. उष्णतेचा खरा साठा डॅशबोर्डात आणि आसनांत असतो. हवा हे त्याचे फक्त वाहन. वातानुकूलन यंत्राला पहिली दहा-पंधरा मिनिटे इतके कष्ट का पडतात, हेही यावरून कळेल.

येथे शिक्षक मंडळींशी थोडे भांडायचे आहे. बंद गाडी का तापते, याचे ठरलेले उत्तर असे : काच सूर्यप्रकाशाला आत येऊ देते, पण तापलेल्या वस्तूंपासून निघणाऱ्या लांब तरंगांच्या अवरक्त किरणांना बाहेर जाऊ देत नाही, हाच हरितगृह परिणाम. काचेचा हा गुण खरा आहे. पण तापण्यात त्याचा वाटा किती, हे अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ सालीच तपासून पाहिले होते. त्यांनी आतून काळ्या केलेल्या दोन पेट्या घेतल्या. एकीवर काच बसविली आणि दुसरीवर सैंधवाची पातळ तबकडी. सैंधव, म्हणजे उपासाला वापरतात ते खनिज मीठच, लांब तरंगांच्या अवरक्त किरणांना अडवीत नाही. दोन्ही पेट्यांवर सारखेच ऊन पडावे म्हणून ते आधी एका काचेतून गाळून घेतले. दोन्ही पेट्या तापल्या आणि त्यांच्या तापमानात एक अंशाचाही फरक पडला नाही. किरण अडविणारी पेटी व न अडविणारी पेटी जवळजवळ सारखीच तापली, याचा अर्थ मुख्य कारण दुसरे असले पाहिजे. ते म्हणजे झाकण. झाकणामुळे गरम हवा वर निघून जात नाही आणि गार हवा तिची जागा घेत नाही; अभिसरण थांबते. (पृथ्वीभोवतालच्या वातावरणाची गोष्ट निराळी आहे. पृथ्वीची उष्णता अवकाशात जायला प्रारण हा एकच मार्ग आहे, त्यामुळे तेथे अवरक्त किरण अडणे यालाच सारे महत्त्व. दोन्ही गोष्टींना एकच नाव पडल्यामुळे हा घोटाळा झाला आहे.)

हा भेद पुस्तकी नाही. काचेचा अवरक्त किरणांचा गुण हेच मुख्य कारण असते, तर काच बदलण्यावाचून उपाय उरला नसता. कारण अभिसरण थांबणे हे असल्यामुळे हवेला वाट करून देणे हा उपाय होऊ शकतो. मात्र ती वाट पुरेशी हवी. काच दोन बोटे खाली ठेवली की काम भागले, असे पुष्कळांना वाटते. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की काचा थोड्या खाली ठेवल्याने तापण्याच्या वेगात फारसा फरक पडत नाही. तासाभरात आतले तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढले आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. ही मोजणी कडक उन्हाळ्यातली नव्हती; बाहेरचे तापमान २२ ते ३६ अंशांच्या दरम्यान होते.

कडक उन्हाळ्यातले आकडेही उपलब्ध आहेत. अॅरिझोना राज्यातील टेंपे येथे केलेली मोजणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. बाहेर ३८ अंशांच्या आसपास तापमान असताना तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली. स्टिअरिंगचे चाक ५३ अंश, आसने ५१ अंश आणि डॅशबोर्ड ६९ अंश! सावलीतल्या तशाच गाड्यांत हवा ३८, चाक ४२, आसने ४१ आणि डॅशबोर्ड ४८ अंश. या सर्व गाड्या चंदेरी रंगाच्या होत्या हे लक्षात घ्या. काळ्या असत्या तर आकडे आणखी चढले असते. लहान गाड्या मोठ्यांपेक्षा लवकर तापल्या. दोन आसनांच्या गाडीचे काय होत असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येईल.

अमेरिकेत १९९८ पासून दर वर्षी सरासरी सदतीसच्या आसपास बालके अशा तापलेल्या गाड्यांत अडकून दगावली आहेत. कित्येकदा आईवडील कामाच्या नादात, मागच्या आसनावर मूल झोपले आहे हेच विसरून गेलेले असतात. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. त्यामुळे 'पाच मिनिटांत येतो' असे म्हणून मुलाला गाडीत ठेवून जाणे कोणत्याही गाडीत, कोणत्याही रंगाच्या गाडीत, धोक्याचेच. उन्हातला आकडा छापा म्हणतो, त्याचे पहिले कारण हे आहे. गाडी सुखाची आहे की नाही, हा त्यापुढचा प्रश्न.

रंगाचे म्हणाल, तर त्याचीही मोजणी झालेली आहे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी एकाच बनावटीच्या दोन गाड्या, एक काळी आणि एक चंदेरी, शेजारी शेजारी उन्हात उभ्या केल्या. काळ्या गाडीचे छप्पर चंदेरी गाडीच्या छपरापेक्षा २५ अंशांपर्यंत जास्त तापले आणि आतल्या हवेत ५ ते ६ अंशांचा फरक पडला. २०११ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रंगाला पैसे जास्त पडत नाहीत. फुकट मिळणारे पाच अंश आपण काळ्या रंगाच्या रुबाबापायी सोडून देतो.

डॅशबोर्ड काळा का असतो, याला मात्र सबळ कारण आहे. तो पांढरा केला तर त्याचे प्रतिबिंब पुढच्या काचेत पडते आणि चालकाला रस्ता नीट दिसत नाही. गाडी बनविणाऱ्यांची ही बाजू मी मान्य करतो. पण त्यावरही उत्तर निघालेले आहे. सूर्याच्या ऊर्जेपैकी निम्मी, किंबहुना थोडी अधिकच, आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात असते. डोळ्यांना गडद दिसणारी पण अवरक्त किरण परत फेकणारी रंगद्रव्ये आज उपलब्ध आहेत. डॅशबोर्ड दिसायला काळा राहील आणि तापेल मात्र कमी.

आता एंजिनाकडे वळू. कॉर्व्हेटचे आठ सिलिंडरांचे एंजिन पुढे असले, तरी वजनाचा तोल साधावा म्हणून ते बरेच मागे, चालकाच्या पायांजवळ सरकविलेले आहे. सायलेन्सरच्या नळ्या मजल्याखालून मागे जातात. १९७५ पासून त्यांच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. धूर स्वच्छ करणारे हे उपकरण काम करताना शेकडो अंश तापते. तापलेल्या वस्तूचे प्रारण तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. नळीचे तापमान ४०० अंश सेल्सिअस, म्हणजे ६७३ केल्व्हिन, धरा. स्टेफान-बोल्ट्‌झमान नियमाने आकडेमोड केली तर तिच्या दर चौरस मीटरमधून ९ ते ११ हजार वॅट बाहेर पडतात. म्हणजे दुपारच्या उन्हाच्या नऊ-दहा पट! आणि हा सूर्य पायाखाली वीतभर अंतरावर आहे.

अशा ठिकाणी जाड गादी घातली की झाले, असे पुष्कळ हौशी लोक समजतात. पण येणारी उष्णता मुख्यतः प्रारणाची असेल तर तिला परत फेकणारा चकचकीत पृष्ठभाग आधी हवा. अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा नळी आणि मजला यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंना हवेची फट राखून बसविला, तर तो बहुतेक प्रारण परत पाठवितो. फट न ठेवता मजल्याला चिकटवून टाकला तर वहनाने उष्णता वर जाते आणि निम्मे काम वाया जाते. मजल्याच्या आतल्या अंगाला निरोधक थर घालायचा तो त्यानंतर. मॅक्लारेन एफ-१ या १९९२ साली जगापुढे आलेल्या गाडीत एंजिन चालकाच्या पाठीमागे आहे. तिच्या एंजिनाच्या खणाला आतून चक्क सोन्याचा वर्ख लावला होता, कारण सोने अवरक्त किरण उत्तम परावर्तित करते आणि चांदीसारखे काळे पडत नाही. एवढी श्रीमंती सर्वांना परवडणारी नाही. पण तत्त्व तेच आणि अॅल्युमिनियमचा पत्रा कोणालाही परवडतो.

आणखी एक चोरवाट आहे. थंड देशांतल्या गाड्यांत हिवाळ्यासाठी हीटर असतो. एंजिनाचे गरम पाणी एका छोट्या रेडिएटरमधून फिरते आणि त्यावरून जाणारी हवा आत येते. अनेक जुन्या गाड्यांत या पाण्याची तोटी उन्हाळ्यात पुरती बंद होत नाही, काहींत तर तोटीच नसते. मग बाहेर ४० अंश असताना गाडीच्या आत ९० अंशांचे पाणी खेळत राहते आणि मालक वातानुकूलनाच्या वायूत खोट काढतो. जुन्या गाडीत पाण्याच्या नळीवर साधी तोटी बसविणे, आणि एंजिन व बैठक यांच्यामधल्या पडद्याला वायरींसाठी पाडलेली भोके रबराने बुजविणे, हे काम गल्लीतला मेकॅनिकही करील.

हवा खेळती राहण्याच्या बाबतीत तर जुन्या गाड्या नव्यांपेक्षा शहाण्या होत्या असे म्हणावेसे वाटते. आपल्याकडच्या अॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या पुढच्या दाराला एक लहान त्रिकोणी काच असे. ती उलटी फिरविली की वाऱ्याचा झोत थेट तोंडावर येई. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिच्या भरवशावर कित्येक मे महिने काढले. कॉर्व्हेटलाही पूर्वी अशी काच होती. १९६८ च्या नव्या आराखड्यात ती काढून टाकली आणि हवा आत घेण्याची व मागे सोडण्याची निराळी योजना केली. गाडी धावताना पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो आणि पाठीमागच्या भागात कमी होतो. दोन्ही जागी झरोके ठेवले की हवा आपोआप वाहील, अशी ती कल्पना. कल्पना बरोबर होती, पण एवढ्या तापणाऱ्या गाडीला हे झरोके तोकडे पडले. वातानुकूलन यंत्र कॉर्व्हेटमध्ये १९६३ पासून जादा पैसे देऊन मिळत असे. १९८० साली ते प्रत्येक गाडीत येऊ लागले. झरोक्यांचा प्रश्न मग कोणी फारसा मनावर घेतला नाही.

वातानुकूलनाला माझा विरोध नाही. विदर्भातल्या मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत कितीही झरोके उघडले तरी आत ४५ अंशांचीच हवा येणार. तेथे यंत्र हवेच. शिवाय उकाड्याने चालकाचे लक्ष उडते, ही काही नाजूक लोकांची तक्रार नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारच्या लुसैल येथील फॉर्म्युला वन शर्यत रात्री झाली, तरीही उकाडा आणि दमटपणा यांनी जगातले कसलेले चालक बेजार झाले. एकाला शर्यत सोडावी लागली, एकाला गाडी चालविताना उलटी झाली. त्यानंतर २०२५ पासून, उष्णता निर्देशांक ३१ अंशांवर जाण्याचा अंदाज असेल तर गाडीत चालकाला गारवा देणारी यंत्रणा बसविण्याचा नियम आला. माझे म्हणणे एवढेच, की यंत्राची पाळी सर्वांत शेवटी यावी. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार फार उष्ण हवेत वातानुकूलनामुळे गाडीचे अॅव्हरेज २५ टक्क्यांहूनही अधिक घटू शकते, विशेषतः लहान फेऱ्यांत. कारण प्रत्येक फेरीच्या आरंभी तो आसना-डॅशबोर्डांतला साठा उपसावा लागतो. विजेच्या गाडीत हीच किंमत कमी झालेल्या पल्ल्याच्या रूपाने मोजावी लागते.

आकडा छापण्याची सक्ती म्हणजे कवीकल्पना, असे कोणी म्हणेल. कॅलिफोर्निया राज्याने याच दिशेने एक पाऊल टाकले होते. तेथील वायुप्रदूषण मंडळाने जून २००९ मध्ये नियम केला, की २०१२ पासूनच्या नव्या गाड्यांना सूर्याची उष्णता परत फेकणाऱ्या काचा बसवाव्यात. त्याआधी रंगाचाही विचार झाला होता आणि 'सरकार काळ्या गाड्यांवर बंदी घालणार' अशी आवई उठून बराच गोंधळ माजला. काचांचा नियम मात्र मार्च २०१० मध्ये मागे घेण्यात आला. अशा काचांतील धातूचा सूक्ष्म थर रेडिओलहरींना अडवितो. त्यामुळे मोबाइल दूरध्वनी आणि पोलिसांनी कैद्यांच्या पायात बसविलेली संदेशयंत्रे यांत अडथळा येईल, असा आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता. पण माझ्या मते मंडळाची चूक निराळी होती. त्यांनी उपाय ठरवून दिला. त्यांनी आकडा ठरवून द्यायला हवा होता. तासाभरानंतर आत किती अंश, एवढे मोजून जाहीर करा म्हटले असते, तर कोणी काच बदलली असती, कोणी रंग, कोणी झरोके वाढविले असते. अभियंत्यांना मोकळे सोडले की ते मार्ग काढतात.

आपल्या देशात हा प्रश्न स्पोर्ट्‌स कारवाल्यांपुरता नाही. त्या गाड्या येथे मोजक्याच. पण त्यांची फॅशन साध्या गाड्यांत उतरली आहे. कलती काच आली, आतून-बाहेरून काळ्या रंगाच्या 'खास' आवृत्त्या आल्या, आणि छपराला काच बसविणे हे तर श्रीमंतीचे लक्षण होऊन बसले. महाराष्ट्रात मे महिन्यात सूर्य खरोखरच डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस पुण्यात १३ मेच्या सुमारास आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास असतो. छपराच्या काचेला याहून वाईट मुहूर्त नाही. ती थंड देशांत हिवाळ्यातले दुर्मीळ ऊन आत घेण्यासाठी ठीक आहे. येथे तिच्याखाली पडदा ओढून बसावे लागते, आणि पडदा काचेच्या आत असल्याने त्याने शोषलेली उष्णता आतच राहते. याच कारणाने उभ्या गाडीच्या काचेवर बाहेरून घातलेले आच्छादन आतल्या पडद्यापेक्षा अधिक काम करते.

काळ्या फिल्मचा मार्ग आपल्याकडे कायद्याने अडविला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आत आला पाहिजे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवर फिल्म चिकटविण्यास मनाई केली. पुढे नियमांत फेरबदल झाले, पण प्रकाशाची ही मर्यादा तशीच आहे आणि ती असावीही. ऊन अडवायला काच काळी करावी लागते, हा समजच चुकीचा आहे. नियमात शब्द आहे तो 'दृश्य प्रकाश'. उरलेली निम्मी ऊर्जा अवरक्त भागात असल्याने, डोळ्यांना स्वच्छ दिसणारी काचही तिच्यातला बराच हिस्सा अडवू शकते. गाडी घेताना काच किती काळी, यापेक्षा ती एकूण किती टक्के सौर ऊर्जा आत सोडते, हे विचारायला हवे.

कंपन्या आकडा छापीत नाहीत तोवर तो आपणच काढू या. शिक्षकांनी मनावर घेतले तर शाळेच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर नववीचा वर्ग हे काम सहज करील. ६० अंशांच्या पुढे मोजणारे दोन तापमापक घ्या. पारा नसलेले बरे. एक चालकाच्या आसनाच्या टेकूवर, त्याच्या फुग्यावर थेट ऊन पडणार नाही असा पांढऱ्या कागदाच्या आडोशाला टांगा. दुसरा डॅशबोर्डवर टेकवून ठेवा. गाडी साडेबारा वाजता उन्हात उभी करून दर पाच मिनिटांनी काचेबाहेरून आकडे वाचा आणि तासभर नोंदी करा. बाहेरचे तापमान, गाडीचा रंग, काचेचा कोन, छपराला काच आहे की नाही, पुढची काच कोणत्या दिशेला होती, हेही लिहा. दुसऱ्या दिवशी तीच गाडी झाडाखाली, तिसऱ्या दिवशी पुढच्या काचेवर बाहेरून पांढरी चादर टाकून. तापमानाचा आलेख काढताना पहिल्या अर्ध्या तासाकडे नीट पाहा. प्रयोग चालू असताना गाडीत कोणीही बसायचे नाही, आणि किल्ली शिक्षकांच्या खिशात राहील.